गाडीचा कारखाना, गाडीचे भाग आणि आपला जिल्हा

विकसनशील देशातील वाहन उद्योगाची वाढ आणि तिच्यात आपल्या भागाचा वाटा या विषयावर सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. लांब पत्रांतील मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या उमेदीच्या काळात साताऱ्यातच तयार झालेली ‘प्रिया’ स्कूटर दारात असणे मानाचे समजले जाई. आज पुण्याच्या परिसरात एवढे वाहन कारखाने आहेत. मग महामार्गावरच्या साताऱ्यात किंवा सांगलीत एकही मोठा गाडीचा कारखाना का येत नाही? आमचे पुढारी कमी पडले काय?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : पुढाऱ्यांचे मोजमाप मतदारांनी करावे, कारखान्याच्या जागेचे गणित मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या हाताबाहेरचे असते. ‘प्रिया’ काढणारी महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी 1975 मध्ये बजाज ऑटो आणि राज्य शासनाचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून स्थापन केली. तो परवान्यांचा काळ होता. 1951 च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यामुळे कोणी किती स्कूटर काढायच्या हे दिल्लीत ठरत असे, आणि मागणी कितीही असली तरी कारखानदाराला मनाप्रमाणे उत्पादन वाढवता येत नसे. ग्राहक पैसे भरून, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. अशा वेळी राज्य शासनांच्या महामंडळांना सोबत घेऊन स्कूटरचे कारखाने निघाले, तसे ते इतर राज्यांतही निघाले. तुटवडा होता तोवर ही रचना उत्तम चालली. 1980 च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने कमी पेट्रोल पिणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, पुढे परवाने गेले, ग्राहकाला निवड करता येऊ लागली आणि गिअरची स्कूटर मागे पडत गेली. साताऱ्यात स्कूटर तयार होणे 2000 नंतरच्या दशकात थांबले. त्या कंपनीकडे दुचाकी-तिचाकींच्या भागांसाठी लागणारे साचे, तसेच काम करताना भाग पक्का धरून ठेवणारी जिग आणि फिक्सचर ही साधने तयार करण्याचे काम राहिले. स्कूटर गेल्याची हळहळ मी समजू शकतो, पण साचे करण्याचे काम टिकले ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. त्याचे कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

जुळणीचा कारखाना काढणारी कंपनी जागा निवडताना आधी पाहते ती पुरवठादारांची दाट वस्ती. आसने, काचा, डॅशबोर्ड, बंपर, वायरिंग हे भाग जागा फार व्यापतात किंवा मॉडेलगणिक बदलतात. ते जुळणीच्या क्रमाने, काही तासांच्या अंतरावरून यावे लागतात. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) 1960 च्या दशकात पिंपरी-चिंचवड भागात पाय रोवला, बजाज आकुर्डीत होतीच, आणि त्यांच्याभोवती दोन पिढ्यांत जी वस्ती जमली तिच्या आधारावर चाकण उभे राहिले. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ 2009 मध्ये चाकणला गेल्या, त्या पडीक जमिनीच्या मोहाने नव्हे. त्यात न्हावा-शेव्याचे बंदर आणि मुंबईची बाजारपेठ जवळ. सांगलीहून पुण्यापर्यंतचे सव्वादोनशे किलोमीटर ओतीव लोखंडाच्या कास्टिंगला परवडतात. आसनांना आणि बंपरला परवडत नाहीत.

शिवाय जुळणीचा कारखाना आला म्हणजे तो राहीलच असे नाही. तळेगावला जनरल मोटर्सने 2008 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातील उत्पादन 2020 च्या अखेरीस थांबले, कामगारांचे वाद न्यायालयात गेले आणि पुढे 2023 मध्ये ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला.

आपल्याकडे काहीच नाही असेही समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे; सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात आधी लोखंडी नांगर आणि मग डिझेल इंजिने होऊ लागली. नांगरापासून इंजिनापर्यंत गेलेली ही ओतकामाची विद्या पुढे वाहनांच्या भागांकडे वळली. फलटणला कमिन्सचा इंजिनांचा मोठा प्रकल्प आहे आणि शिरवळ-खंडाळा पट्टा पुण्याच्या औद्योगिक वस्तीचाच दक्षिणेकडचा विस्तार झाला आहे. गाडी येथे जुळत नाही, पण तिच्या पोटातले बरेच काही येथून जाते.

प्रश्न : अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला दोन परस्परविरोधी मते ऐकायला मिळाली. एक म्हणजे भारतातला वाहन उद्योग सरकारी संरक्षणामुळे वाढला. दुसरे म्हणजे संरक्षणामुळे तो खुरटला आणि 1991 नंतरच वाढला. खरे कोणते? आणि विकसनशील देशांना याच उद्योगाचे एवढे आकर्षण का?
(एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ट्रकचा एक ब्रेक ड्रम घ्या. त्यासाठी भंगार आणि कच्चे लोखंड विकणारा व्यापारी लागतो, पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवण्याचा नमुना, करणारा कारागीर लागतो, मोल्डिंगची वाळू, भट्टीची वीज, वितळलेल्या लोखंडाची तपासणी करणारा माणूस लागतो. कास्टिंग निघाल्यावर फेटलिंगला, म्हणजे त्याच्या कडा साफ करायला, वेगळे हात, मशिनिंगला वेगळी शेड, मापे तपासायला गेज, रंगाला आणखी कोणी, आणि शेवटी माल चाकणला पोहोचवणारा टेम्पोवाला. असे हजारो भाग जुळल्यावर एक गाडी होते, आणि गाडी रस्त्यावर आली की गॅरेज, विमा, टायर, चालक, हप्त्यावर कर्ज देणारी पतसंस्था अशी दुसरी साखळी सुरू होते. कापडगिरणी किंवा साखर कारखानाही रोजगार देतो, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक, एकसारखे आणि वेळेवर काम करण्याची शिस्त एवढ्या लहान-लहान शेडपर्यंत नेणारा उद्योग वाहनांखेरीज क्वचितच असतो. देशांना आकर्षण आहे ते या शिस्तीचे. गाडी ही तिची दिसणारी बाजू.

आता संरक्षणाचे. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत बाहेरून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार करीत होती. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, आणि नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मैदान उरले ते हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, टेल्को, महिंद्र अशा देशी कंपन्यांना. आपल्या सांगलीतील 1947 पासूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे वालचंद. त्या संरक्षणाचा फायदा खरा होता: ओतकाम, घडाई, गिअर कापणे ही कामे देशात रुजली आणि ती करणारी माणसे तयार झाली. तोटाही तितकाच खरा होता. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी दशकानुदशके जवळजवळ त्याच राहिल्या, कारण गाडी सुधारली नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नव्हते.

वळण आले ते 1991 च्या आधीच. सरकारी मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार 1982 मध्ये झाला, सुझुकीचा वाटा सुरुवातीला 26 टक्के होता आणि पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती पडली. बाहेरच्या गाड्यांना दार बंदच होते, म्हणजे संरक्षण होतेच. पण या वेळी त्याला मुदत होती: ठरलेल्या वर्षांत बहुतेक भाग देशात तयार व्हायला हवेत, आणि ते जपानी मापाचे हवेत. असे भाग देणारे पुरवठादार नव्हते म्हणून मारुतीने त्यांच्यात भांडवल घातले, जपानी कंपन्यांशी त्यांची गाठ घालून दिली, आणि त्यांच्या शेडमध्ये माणसे पाठवून काम शिकवले. माझ्या मते भारतीय वाहन उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच. एखादे मॉडेल गाजले ही नव्हे. 1993 मध्ये मोटारींवरील परवाना गेला. 1997 मध्ये नव्या परदेशी कंपन्यांवर तिसऱ्या वर्षापर्यंत 50 आणि पाचव्या वर्षापर्यंत 70 टक्के देशी भागांची अट घातली गेली, ती जागतिक व्यापार संघटनेत टिकली नाही, आणि 2002 च्या धोरणाने शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा मिळाली. अट उठली तरी भाग बाहेरून आणण्याची लाट आली नाही. पुरवठादार एव्हाना स्वस्त आणि भरवशाचे झाले होते. मागणी वाढताच कंपन्या त्यांच्याकडेच गेल्या. देशात 2024-25 या वर्षात सुमारे 43 लाख प्रवासी वाहने आणि 1 कोटी 96 लाख दुचाकी विकल्या गेल्या, त्या याच पायावर.

इतर देशांकडे पाहिले की हा मुद्दा अधिक उघड होतो. दक्षिण कोरियात ह्युंदाईने 1975 मध्ये ‘पोनी’ काढली तेव्हा तिचे रूप इटालियन अभिकल्पकाचे आणि इंजिन मित्सुबिशीचे होते. सरकारने घरची बाजारपेठ राखून दिली, पण माल निर्यात करून दाखवण्याचा धोशा सोडला नाही. कंपनी 1991 पर्यंत स्वतःचे इंजिन करू लागली आणि 1998 मध्ये चेन्नईजवळ तिचा कारखानाही सुरू झाला. मलेशियाने 1983 मध्ये प्रोटॉन ही राष्ट्रीय मोटार कंपनी काढली आणि तिला भरपूर संरक्षण दिले. बाजारपेठ लहान, स्पर्धा नाही, निर्यातीची सक्ती नाही, आणि 2017 मध्ये तिचा 49.9 टक्के हिस्सा चीनच्या गीली कंपनीकडे गेला. थायलंडने स्वतःच्या नावाची गाडी हवी हा हट्टच धरला नाही; जपानी कंपन्यांना बोलावले, पिकअप गाड्यांवर भर दिला आणि 2005 पासून बहुतेक दर वर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. थायलंडकडे कारखाने आहेत, कोरियाकडे कारखान्यांसह आराखडेही आहेत. तुमच्या वर्गातील दोन्ही मतांत ‘संरक्षण’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत: मुदत आणि अटी असलेले संरक्षण, आणि नसलेले. परीक्षेत उत्तर लिहिताना एवढा भेद केलात तरी पुष्कळ.

प्रश्न : नवी गाडी घेताना विक्रेता ‘संपूर्ण भारतीय बनावटीची’ म्हणून सांगतो. हे खरे मानावे काय?
(एक वाचक, विटा)

उत्तर : लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, रबर, काच, प्लास्टिक यांचे भाग पाहिले तर बहुतांशी खरे. इलेक्ट्रॉनिक चिप, बॅटरीतील सेल आणि विजेच्या गाडीच्या मोटरमधील दुर्मीळ मृदा धातूंची चुंबके यांबाबत नाही. चीनने एप्रिल 2025 मध्ये या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आपल्याकडील कंपन्यांची धावपळ उडाली, ती एवढ्याशा भागासाठी. गाडी घेताना मात्र आपण सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय विट्यात किंवा निदान सांगलीत आहे का, हे आधी विचारावे.

प्रश्न : आमची कुपवाडला लहान मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या इंजिनाच्या भागांचे मशिनिंग आम्ही जॉबवर्कवर करतो. विजेच्या गाड्यांमुळे हे काम संपणार असे सगळे म्हणतात. मुलाला या धंद्यात आणावे की नाही?
(एक उद्योजक, कुपवाड औद्योगिक वसाहत)

उत्तर : मुलाचा निर्णय मुलाला घेऊ द्यावा; कामाचे काय होईल एवढे सांगता येईल. विजेच्या गाडीत पिस्टन, लायनर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, इंधनपंप, सायलेन्सर यांपैकी काहीही नसते. क्लच नसतो आणि गिअरबॉक्स अगदी साधा असतो. ब्रेक, हब, सस्पेन्शनचे भाग, स्टिअरिंग नकल, अ‍ॅक्सल ही कामे राहतात, जरी वजन कमी ठेवण्यासाठी लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमकडे कल वाढेल. म्हणून पहिला प्रश्न असा की आपल्या मशीनवरील कोणता भाग कोणत्या वाहनात जातो? तिचाकी असेल तर धोका दारात आला आहे, कारण ई-रिक्षा धरून तिचाकींच्या नव्या नोंदणीत विजेच्या वाहनांचा वाटा 2024-25 मध्ये निम्म्याहून अधिक होता. दुचाकींत तो सुमारे 6 टक्के आणि मोटारींत अडीच टक्क्यांच्या आसपास होता. ट्रॅक्टर, जड ट्रक, जनित्रे आणि शेतीपंपांची इंजिने यांत बदल फार सावकाश होईल, आणि आपल्या भागातील फाउंड्र्यांचे बरेच काम याच वाहनांचे व यंत्रांचे आहे. सगळ्यांना एकाच भीतीने घाबरण्याचे कारण नाही.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची, आणि ती विजेच्या गाड्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. जॉबवर्कमध्ये ड्रॉइंग कंपनीचे असते, पॅटर्न बहुधा कंपनीच्या पैशाचा, लोखंडाचा दर कंपनीच्या सूत्राने ठरलेला. फाउंड्रीवाल्याच्या हाती भट्टीचा खर्च उरतो आणि तुमच्या हाती मशीनचे तास व रिजेक्शनची धास्ती. दर वर्षी दर कमी करण्याचा आग्रह होतो आणि शेजारच्या शेडमधला उद्योजक तो मान्य करील या भीतीने आपण आधीच मान्य करतो. भाग बदलला, म्हणजे लायनरच्या जागी विजेच्या मोटरचे आवरण आले, तरी हे नाते बदलत नाही. बदलते ते साचा, फिक्सचर किंवा तपासणीची पद्धत स्वतः आखता आली म्हणजे. साताऱ्यात स्कूटर थांबूनही साच्यांचे काम टिकले, हे पहिल्या उत्तरात सांगितले ते यासाठीच: साचे करणाऱ्याला कोणत्या गाडीचा भाग आहे याने फारसा फरक पडत नाही.

तेव्हा नवी व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशिनिंगचे यंत्र) कर्जाने घेण्याआधी थोडा खर्च डिझाइनचे सॉफ्टवेअर येणाऱ्या एका पदविकाधारकावर आणि एका चांगल्या मापनयंत्रावर करून पाहावा. आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र घेण्याइतके काम असेल तर ते घ्यावे. नसेल तर केवळ भिंतीवर लावण्यासाठी घेऊ नये. वसाहतीतील चार-पाच जणांनी मिळून साचे-हत्यारे करणारी टूलरूम आणि तपासणीची प्रयोगशाळा चालवण्याचा विचार करावा, असे मी सुचवीन. सहकाराच्या जिल्ह्यात दूध आणि ऊस एकत्र येऊ शकतो, पण दोन लेथवाले एकत्र येत नाहीत, ही मात्र आपली जुनी तऱ्हा आहे. मुलगा हे करायला उत्सुक असेल तर धंद्यात जागा आहे. नुसते तास विकायचे असतील तर नोकरी बरी.

प्रश्न : आम्ही एका मोठ्या पुरवठादार कंपनीला भाग देतो. महिन्याच्या मागणीचे शेड्यूल ऐनवेळी निम्मे होते आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतात. कायदा आहे असे ऐकतो, पण तक्रार केली तर काम जाईल. काय करावे?
(एक महिला उद्योजक, मिरज)

उत्तर : काम जाण्याची आपली भीती निराधार आहे असे म्हणणार नाही. तरीही कायदा आपल्या बाजूने पूर्वीपेक्षा बराच भक्कम झाला आहे, आणि त्यातले काही तक्रार न करताही वापरता येते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. नव्वद दिवसांची मुदत करारात लिहून घेतली असली तरी ती या कायद्यापुढे चालत नाही. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि परिषदेच्या निर्णयाविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल तर आधी रकमेच्या 75 टक्के भराव्या लागतात. परिषदांचे काम कागदावरील नव्वद दिवसांत उरकते असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तक्रारीविना उपयोगी पडते ती आयकराची तरतूद. आर्थिक वर्ष 2023-24 च्या हिशेबापासून सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच करता येतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या थकबाकीचे नम्र पत्र खरेदी विभागाबरोबर त्यांच्या लेखा विभागालाही पाठवावे. खरेदी अधिकाऱ्याला जे सुचत नाही ते लेखापालाला मार्चमध्ये बरोबर सुचते. दुसरा मार्ग ‘ट्रेड्स’ या बिलवटवणुकीच्या व्यवस्थेचा: 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिच्यावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तेथे बिल मान्य केले की बँक काही दिवसांत पैसे देते आणि मुदत संपल्यावर वसुली कंपनीकडून करते. वटाव आपल्याला सोसावा लागला तरी तो बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या व्याजापेक्षा कमी पडतो.

शेड्यूल निम्मे होण्यावर कायद्यात असा सोपा उपाय नाही. निदान कच्च्या मालाची खरेदी किती आठवड्यांच्या पक्क्या शेड्यूलवर करायची हे खरेदी आदेशात लिहून मागावे, आणि तेवढ्या मालाची जबाबदारी कंपनीने घ्यावी असा आग्रह धरावा. चांगल्या कंपन्या हे मान्य करतात. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधीच असली पाहिजे, कारण नोंदणीपूर्वीच्या पुरवठ्याला हे संरक्षण मिळण्यात अडचणी येतात. नोंदणी क्रमांक आणि आपण सूक्ष्म आहात की लघु, हे प्रत्येक बिलावर छापलेले असावे. 1 एप्रिल 2025 पासून या गटांच्या मर्यादा बदलल्या आहेत: यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 25 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत असेल तर आपण लघु उद्योगात मोडता, आणि आयकराची वरील तरतूद सूक्ष्म व लघु याच दोन गटांना लागू आहे, मध्यम उद्योगाला नाही.